दहापैकी किती

हलमध्ये टेलिफोनच्या खोक्यांचा रंग दुधाळ,
बाकी देशात लाल.
अशाच एका खोक्यासमोर, दुसऱ्या मजल्यावर,
मी कानाला हेडफोन लावून बसते
आणि काल बूस्टर घेतलेल्यांना विचारते:
दंड दुखतोय? दहापैकी किती?

वॉल्टर थर्स्क, वय एक्याऐंशी. म्हणाले, शून्य.
मागून बायकोचा आवाज:
शून्य? रात्रभर पलंग वाजत होता यांच्या दातांबरोबर!
थर्स्क हसले.
आइसलंडच्या समुद्रात जाळं ओढताना
त्यांची दोन बोटं गेली, चौसष्ट साली.
तो दहा.
त्या दहाच्या शेजारी या सुईला कुठे बसवू, पोरी?
मी शून्य लिहिलं.
बायकोच्या वाक्याला रकाना नव्हता.

झ्बिग्न्येव, गोदामात रात्रपाळी.
दोन, म्हणाला, आणि घाईघाईने: नाही, एक.
आजारपणाचे पहिले तीन दिवस बिनपगारी.
ताप परवडत नाही,
म्हणून आला नाही.
आवाज थरथरत होता. थंडीने असेल.

कीली, बालवाडीत शिकवते: नऊ.
दंड, मान, डोकं, सगळं नऊ.
मग बराच वेळ फोनवर नुसता श्वास.
मग: आईला त्याच हॉस्पिटलात नेलं होतं, त्या एप्रिलात.
काचेतूनसुद्धा बघू दिलं नाही.
सुई नंतर आली हो,
दंड आधीच दुखत होता.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकीही
कित्येकांचं डोकं दुखलं, अंग आंबलं.
वर्गात आम्ही हसलो होतो.
मी सगळ्यात मोठ्यानं.

इंदुमती गुप्ते, अ‍ॅनलॅबी रोड, मुलाकडे असतात.
माझं आडनाव ऐकलं आणि मराठीत आल्या,
चपला काढून घरात यावं तशा.
"ताप नाही गं. कणकण आहे."
किती?
"कणकणीला किती कसं असेल? ती असते."
कसकस, कणकण, फणफण, हुडहुडी.
आमच्याकडे तापालाही
पोरीबाळींसारखी हाक मारायला नावं,
आणि माझ्यासमोर तीन चौकटी:
सौम्य, मध्यम, तीव्र.
सौम्यवर खूण केली.
खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

मला स्वतःला काहीच होत नाही.
पाच डोस झाले, साधा दंड धरला नाही.
नवरा मात्र दर वेळी दोन दिवस आडवा.
तीच कुपी, तीच नर्स, तीच दुपार.
तो कण्हतो, आणि त्या कण्हण्यात जरा रुबाब असतो:
बघ, माझ्या आत लढाई चाललीय.
मी त्याला पेज करून देते
आणि रात्री अंधारात आपलाच दंड दाबून बघते,
दुखावा म्हणून.

डॉक्टर ओयेलारनना विचारलं एकदा.
वय असतं, म्हणाल्या, बाई की पुरुष ते असतं,
आधी आजार होऊन गेला का, तेही असतं.
आवाज झाला नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं.
आणि उरलेलं?
उरलेलं माहीत नाही.
इतकं सरळ म्हणाल्या, की मला बरं वाटलं.

त्याच डाव्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे,
नाण्याएवढा, चुरगळल्यासारखा.
आई सांगायची, त्या रात्री मी गल्ली डोक्यावर घेतली होती.
मला काही आठवत नाही.
म्हणजे तेव्हाचे माझे दहापैकी किती,
हे आई गेली तेव्हा तिच्याबरोबरच गेलं.

साडेचारला अंधार. हंबरवरून वारा
खिडकीच्या फटीत शिरून फॉर्म हलवतो.
आजचा शेवटचा नंबर.
नमस्कार, काल आपण बूस्टर घेतलात.
दंड दुखतोय?
थोडासा, म्हणतो एक म्हातारा, ओळखीचा नसलेला आवाज.
दहापैकी किती?
तो विचार करतो. त्याच्याकडचं घड्याळ ऐकू येतं.
मग मलाच विचारतो:
कशाच्या मानाने?